माफीची चिठ्ठी परत

वसई, ११ डिसेंबर १९९८

प्रिय रोशनी,

अक्षर बघून हसू नकोस गो बाय. गावात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा मी पाटी धरली, त्याला चार वर्षं झाली. त्याआधी सगळा कारभार अंगठ्यावर. आजवर सहीपुरतं लिहीत आले, आख्खं पत्र हे पहिलंच, नि ते तुला. मी कोण ते सांगते. गेल्या रविवारी गोखिवऱ्याला तुमच्या आश्रमात वाढदिवस करायला माणसं आली होती ना, त्यातली खुर्चीवर बसवलेली म्हातारी मी. कमळी माझं नाव. ज्याचा वाढदिवस होता तो विकी माझा नातू, आणि गळ्यात साखळी नि कमरेला पेजर लावलेला तो शत्रुघ्न माझा मुलगा. रेती-सिमेंटचं दुकान आहे त्याचं. खाडीकाठी आमची भाताची शेती होती, तिथे आता चार मजले उभे आहेत, त्यातल्या दुसऱ्यावर आम्ही राहतो. मला जिना चढवत नाही, पण ते असो.

त्या दिवसापासून माझं डोकं तापलेलं आहे. तुम्ही सगळी आंघोळी करून, केसांना तेल लावून सकाळी दहापासून रांगेत बसलेली. आम्ही आलो साडेअकराला. मग कळलं की फोटोवाला विरारहून यायचाय, म्हणून थांबा. एक वाजला, दोन वाजले. पुलाव आणलेला, पत्रावळी मांडलेल्या, आणि धाकटी पोरं पातेल्याकडे बघत गाणी म्हणतायत. मी सुनेला म्हटलं, विनया, वाढून टाकूया, फोटो मागनं काढा. तर म्हणाली, आई, तुम्ही बसा हो शांत. बसले. आमच्यात भुकेल्या पोरापुढे अन्न झाकून ठेवत नाहीत, आणि मी ते बघत बसले. आमच्यासाठी वेगळ्या डब्यात बटाटेवडे होते. मला दिला एक. मी तो पदरात बांधून ठेवला, घरी येऊन बघते तर पदराला हा तेलाचा डाग. अजून निघाला नाही.

मग ते फ्रॉक नि शर्ट वाटायचं सुरू झालं. एकेकानं पुढे यायचं, विकीच्या पाया पडायचं, कपडा घ्यायचा, फोटोवाल्याकडे बघायचं. विकी नऊ वर्षांचा. लाल खुर्चीत बसवलेला, बूट घालून. आमच्या घरची रीत सांगते तुला. ज्याचा वाढदिवस त्याला पाटावर बसवून ओवाळायचं, आणि त्यानं उठून मोठ्यांच्या पाया पडायचं, मग दोन वर्षांनी मोठी बहीण का असेना. हे शत्रुघ्नला माहीत नाही होय? आणि इथे चौदा-चौदा वर्षांच्या मुली त्या बुटांना हात लावतायत. माझा पोरगा हसतोय. ते तुमचे व्यवस्थापक तर प्रत्येकाची पाठ वाकवायला हात पुढे करूनच उभे.

आणि तू आलीस. उभी राहिलीस. व्यवस्थापकांनी पाठीवर हात ठेवला तशी बाजूला सरलीस, आणि मोठ्यानं नाही, साधंच म्हणालीस, "तो माझ्याहून लहान आहे."

बाय, काय सांगू, मी पदर तोंडाशी धरून हसले. विनयाला वाटलं ठसका लागला, पाणी घेऊन धावली. कितीतरी वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. विकीच्या बारशालासुद्धा नाही, आणि त्याच्या बारशाला मी नाचले होते. पण लगेच तुझा फ्रॉक परत पिशवीत गेला, तुला व्हरांड्यात उभं केलं, आणि आमचे जेवून हात धुऊन झाले तरी तू तिथेच. गाडीतून मी मागे वळून बघत होते. मी उठायला हवं होतं. नाही उठले.

बुधवारी तुमचा शिपाई तुझी चिठ्ठी घेऊन आला. शत्रुघ्ननं जेवताना मोठ्यानं वाचली. मी आठवीत आहे, मी उर्मटपणा केला, दात्यांचे उपकार विसरले, विकीदादाने मला क्षमा करावी. विकीदादा! अक्षर तुझं मोत्यासारखं आहे, फक्त उपकार लिहिताना पेनाचं टोक कागदाच्या पार गेलंय. बोट फिरवलं की लागतं. शत्रुघ्ननं ती चिठ्ठी काचेच्या कपाटात ठेवली, विकीच्या क्रिकेटच्या कपाला टेकवून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. मी भांडले. चार मजल्यांना ऐकू जाईल इतकी भांडले. लाज नाही वाटत का म्हणाले, पोरीकडून हे लिहून घ्यायला. तो रागावलासुद्धा नाही. भात कालवता कालवता म्हणाला, "आई, देणाऱ्याच्या पाया पडावं, हे तूच शिकवलंस मला."

खरं होतं ते. त्याचा बाप गेला तेव्हा तो दोन वर्षांचा होता. मी शेठच्या गिरणीत तांदूळ पाखडायला जायची. दिवाळीला शेठाणी जुने कपडे काढायची. हा आठ वर्षांचा, नि शेठचा धाकटा पाच वर्षांचा, झोपाळ्यावर चकली खात बसलेला. शेठाणी म्हणाली, छोट्या शेठच्या पाया पड आणि घे. निळा शर्ट होता, वरचं बटण तुटलेलं. हा पडेना. तुझ्यासारखाच उभा. मान ताठ. आणि मी, त्याची आई, मी त्याच्या मानेवर हात ठेवून खाली दाबली. शर्ट त्यानं दोन वर्षं घातला. मी विसरले होते. त्याच्या ध्यानात होतं. आता माझा राग कोणावर काढू ते तू सांग.

म्हणून हे पत्र. टपालानं पाठवलं तर ऑफिसात आधी उघडतील, म्हणून तुमच्या स्वयंपाकाच्या ग्रेसीबाईकडे देतेय. बाजारात आम्ही शेजारी शेजारी भाजी विकायला बसायचो, ती तुझ्याच हातात देईल. आत तुझी चिठ्ठी घडी घालून ठेवलीय. कपाटातून मी काढली, शत्रुघ्नला सांगून काढली. ती फाड नाहीतर चुलीत घाल, तू काही चुकली नाहीस. माफी मीच मागते, तुझी, आणि त्या निळ्या शर्टातल्या पोराची, त्याच्या तोंडावर मागायला अजून जीभ वळत नाही. येत्या रविवारी मी येतेय. फ्रॉक नाही, फोटोवाला नाही. ग्रेसी जे रांधेल ते तुमच्या पंगतीत बसून जेवीन. विकी सोबत येतो म्हणतोय. तुझ्या पाया पडायचं की नाही ते त्याचं तो बघेल. त्याची मान मी दाबणार नाही.

तुझीच,
कमळीआजी