खिडकीसमोरचा माणूस

नमस्कार,

वर ‘प्रिय’ लिहायची हिंमत झाली नाही.

इंग्रजीच्या तासाची ती गोष्ट आठवते? एका मुलीच्या खिडकीसमोर रोज उभा राहणाऱ्या माणसाची. मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, वाचून काय वाटलं? तू म्हणालीस, "मला त्याची भीती वाटली." मी रोज तुझ्या बसस्टॉपवर गाडी लावून उभा असायचो, त्यामुळे माझं डोकंच फिरलं. "नुसता उभा तर असतो बिचारा! तुला प्रेम काय कळणार?" असं भर वर्गात ओरडलो, बाक लाथाडला आणि कॉलेजच सोडलं.

आता गॅरेजात काम करतो. काल धाकटी बहीण तिथे आली. "दादा, उद्यापासून क्लासवरून मला न्यायला ये ना. कोपऱ्यावर एकजण रोज उभा असतो."

मी पाना घेऊनच उठलो. "काही बोलला का तुला?"

"नाही रे. नुसता उभा असतो. त्याचीच भीती वाटते."

माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना.

तुझी माफी मागायला हे लिहिलं. पण पाठवलं, तर पुन्हा तुझ्या दारात उभा राहिल्यासारखंच होईल. म्हणून नाही पाठवत.

तुझ्या वर्गातला
एकजण