कोरड्या झेंडूची जाळी

पुणे,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
तेजूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर आपण दोघी गप्प बसतो आणि शेवटी तू ठेवते म्हणतेस, म्हणून लिहायला बसले. टेम्पोवाले लहानूकाका आपला झेंडू घेऊन इथे मार्केट यार्डात येतात, त्यांच्या हाती पत्र देते. उत्तर त्यांच्याकडेच दे.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक मिनिटाची अ‍ॅनिमेशन फिल्म करावी लागते. मी आप्पांची करतेय. गोष्ट एवढीच, की आप्पा मळ्यात झेंडूने भरलेली प्लास्टिकची जाळी उचलतात, बांधावरून चालतात आणि टेम्पोत ठेवतात.

सर म्हणतात, या माणसाला वजन नाही. आमच्या कामात हा सगळ्यात मोठा दोष. चित्रातल्या माणसाला वजन नसतंच, ते आपण द्यायचं. जड काही उचलायच्या आधी गुडघे वाकतात, कंबर मागे जाते, उचलल्यावर एक पाय जरा लटपटतो. बघणारा जाळीकडे बघत नाही, पाठीकडे बघतो आणि पाठीवरून त्याला जाळी किती किलोची ते कळतं. मी अकरा वेळा केलं. अकराव्या वेळी सर हो म्हणाले. पण आता ते आप्पा राहिले नाहीत, मनमाड स्टेशनवरचा कुणीतरी हमाल झालाय.

आप्पांचा व्हिडिओ माझ्याकडे एकच आहे, नऊ सेकंदांचा, आणि त्यात ते नुसते उभे आहेत. ते पंपाजवळ पडले ते गेलेच, त्याला तीन महिने झाले. मी अजून रडले नाही. दिवसभर त्यांचे गुडघे काढते आणि संध्याकाळी मेसमध्ये जेवते.

तू सव्वीस वर्षं बघितलंस. आप्पा जाळी कशी उचलायचे? वाकून की बसून? २० डिसेंबरला फिल्म द्यायचीय. नाही जमलं तर कोर्स सोडून घरी यावं असं मनात येतं.

तब्येतीला जप. माझ्यावर चिडलीस तरी उत्तर दे.
तुझी,
तेजस्विनी


मखमलाबाद, नाशिक
१८ नोव्हेंबर

चि. तेजूला आईचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. लहानूनं ते चार माणसांत माझ्या हातात दिलं आणि वर विचारलं, वहिनी, पोरीनं मोबाईल हरवला का काय. मी चौथी शिकलेली बाई. अक्षराला हसू नको. हसायचं तर हस, मला काय.

बापाची बाहुली करायला तुला सांगितलं कोणी? दहावं झालं, तेरावं झालं, माणसं जेवून गेली. आता तू त्यांना उठवून परत जाळ्या उचलायला लावतेस. जिवंतपणी काय कमी उचलल्या?

आणि मला विचारतेस कशा उचलायचे. मी बघितलंच नाय. सव्वीस वर्षं मी पुढच्या सरीत वाकलेली. नवरा जाळी कशी उचलतो ते बघत बसायला कोणत्या बाईला वेळ असतो? आता डोळे मिटले तर नुसता शर्ट दिसतो, आणि तसला शर्ट पंचवटीत दहा जणांच्या अंगावर हाय.

बाया माझ्याबद्दल म्हणतात, झुंबरचं काळीज दगडाचं, एक टिपूस काढलं नाय. कुठून काढू? सकाळी फुलं तोडते, दुपारी पाणी भरते, संध्याकाळी दोन भाकरी टाकते. एकच लागते, तरी दोन होतात. टीव्ही लावून ठेवते. काय चाललंय ते विचारू नको.

घरी यायचं तर ये. तुझं खुरपं इथंच हाय. नाय आलीस तरी चालेल. मला दोन्ही सारखंच.

जेवत जा वेळेवर. बाकी ठीक म्हणायचं.
आई


पुणे,
२४ नोव्हेंबर

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्या पत्राचा राग यायला हवा होता, आला नाही. पत्र घडी घालून वहीत ठेवलं.

माझ्या खोलीतली प्रतिभा, सटाण्याची, सुट्टीच्या दिवशी गेम खेळते. रविवारी मी तिच्यामागे बसून बघत होते. सिनेमातला माणूस उडी मारायच्या आधी जरा मागे झुकतो, दम घेतो. आपल्याला कळतं की आता काहीतरी होणार. गेममध्ये ही तयारी छाटून टाकतात. बटण दाबलं की त्याच क्षणी माणूस हलला पाहिजे, नाहीतर खेळणाऱ्याला वाटतं हा माझं ऐकत नाही. आणि गेममधलं चालणं गोल असतं. शेवटचं चित्र पहिल्या चित्राला जोडलेलं. बटण दाबून धरलं की माणूस चालत राहतो. दमत नाही. समोर भिंत आली तरी जागच्या जागी पाय हलवत राहतो. प्रतिभा चहा आणायला गेली तेव्हा तिचा माणूस भिंतीला लागून तसाच चालत होता. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. आई, माझं सध्या तसंच चाललंय.

सिनेमातल्या माणसाचं मात्र एकदा ठरलं की ठरलं. शंभर वेळा लावा, तो तिथेच वळणार, तसाच हात उचलणार. म्हणून मला आप्पा सिनेमात हवे होते. पण आता भीती वाटते. चुकीचे आप्पा काढले तर ते शंभर वेळा तसेच चुकतील आणि थोड्या दिवसांनी मला तेच आठवायला लागतील. खरे पुसले जातील. तुला आठवत नाही, व्हिडिओत ते हलत नाहीत, मग बरोबर काय ते सांगणार कोण?

म्हणून एक तारखेला सगळं पुसून टाकायचं ठरवलंय. कोर्सही सोडते.

तुझं मन राखता आलं नाही, तरी मला दूर लोटू नकोस.
तेजू


मखमलाबाद,
२८ नोव्हेंबर

चि. तेजूस आशीर्वाद.

पुसू नको. थांब. आधी हे वाच, मग काय पुसायचं ते पूस.

काल सकाळी साडेसहाला नेहमीसारखी फुलं तोडली. जाळी भरली, उचलली. तू लिहिलंस तसंच झालं. गुडघे वाकले, कंबर मागं गेली, पाय लटपटला. म्हटलं, मास्तर बरोबर हाय. पण जाळी टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर टेकवताना ध्यानात आलं, तुझे आप्पा असे लटपटले नाय कधी. डाव्या हातानं जाळी ठेवायचे आणि उजव्या हातात चहाचा कप तसाच. ते काय पैलवान नव्हते. खताची गोणी मीच उचलायची, त्यांची पाठ धरायची. जाळी तीच, फुलं तीच, मग हे कसं?

राहिलेली फुलं तोडलीच नाय. बांधावर बसून राहिले. नऊच्या पुढं उन्हानं फुलांवरचं दहिवर वाळलं. मग दुसरी जाळी भरली. उचलली तर हात आपला आपणच वर गेला.

आप्पा दहिवर वाळल्याशिवाय फुलाला हात लावू देत नव्हते. पुण्यात झेंडू किलोवर जातो, ओला झेंडू जड भरतो, म्हणून लय जण पहाटेच तोडतात. पण ओलं फूल जाळीत तापतं आणि पुण्याला पोचेपर्यंत देठाकडून काळं पडतं. आप्पा म्हणायचे, पाणीच विकायचं तर टँकर घेऊ, झेंडू कशाला लावायचा.

हे मला माहीत नव्हतं का? सव्वीस वर्षं माहीत होतं. आणि ते गेल्यापासून मीच रोज ओला माल भरते. लबाडीनं नाय. झोप लागत नाय, उठून करायचं काय, म्हणून तोडते. लहानू दोनदा म्हणाला, वहिनी, माल काळा निघतोय, यार्डात बहिरूभाऊंचं नाव खराब होतंय. तुझ्या आप्पांचं नाव, आणि मी नुसतं हूं म्हटलं. कानाला ऐकू आलं, आत गेलं नाय. तुझ्या त्या भिंतीला लागून चालणाऱ्यात आणि माझ्यात काय फरक?

तर ऐक. कोरड्या झेंडूच्या जाळीला वजन नसतंच. तुझं पहिलं चित्र बरोबर होतं. अकरावं फेकून दे. जाळी एकदा मांडीला टेकायची आणि वर जायची, बस. आणि उचलायच्या आधी ते फुलांत कोपरापर्यंत हात खुपसायचे, मधलं फूल ओलं तर नाय ना बघायला. तेव्हा तोंड दुसरीकडंच असायचं, कोणी हाक मारल्यासारखं. हे मला जाळीत हात घातल्यावर आठवलं. आधी नाय आठवलं.

तो हात काढ. कोर्स सोडायचा तर मग सोड, आधी नाय.

आशीर्वाद हाय, तो कामाला लाव.
आई


पुणे,
२१ डिसेंबर

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

फिल्म काल दिली. पहिलंच उचलणं ठेवलं. त्याच्याआधी तो हात घातला. चार सेकंदांच्या हाताला नऊ दिवस लागले. सर म्हणाले, जाळी रिकामी वाटते. मी सांगितलं, फुलं कोरडी आहेत. ते म्हणाले, बघणाऱ्याला हे कसं कळणार? मी म्हटलं, आईला कळेल. त्यांनी पास केलं, पण शेरा बेताचाच दिलाय.

रडू आलं नाही. पण काल मेसमध्ये भाजीत मीठ नव्हतं, ते मला कळलं. बऱ्याच दिवसांनी.

कोर्स सोडत नाही. तुझा मोबाईल बटणांचा, म्हणून फिल्म लहानूकाकांच्या मोबाईलवर पाठवलीय. बघून खरं ते लिही. तू कधी खोटं बोलत नाहीस, तेवढंच पुरे.
तेजू


मखमलाबाद,
२६ डिसेंबर

चि. तेजूस आईचा आशीर्वाद.

बघितलं. टोपी चुकलीय, ते टोपी मागं सरकवायचे. नाक माझ्या सासऱ्याचं काढलंस. बांध एवढा सरळ कुणाच्या मळ्यात असतो? हात बरोबर हाय.

रडले का विचारशील. नाय.

सकाळी टेम्पो दारात उभा होता, इंजिन चालू. लहानू माझ्या खांद्यावरून मोबाईलमध्ये बघत होता. आप्पांनी फुलांत हात खुपसला, तोंड दुसरीकडं केलं, आणि लहानू मोबाईलवर खेकसला, की बहिरूभाऊ, बास करा आता तपासणं, यार्ड माझ्यासाठी थांबणार नाय. अगदी रोजच्यासारखा खेकसला. मग त्याचं त्यालाच कळलं. त्यानं जाऊन इंजिन बंद केलं आणि फाळक्यावर बसला. चित्र संपलं.

मग मी भरलेल्या जाळीत हात घातला. मधली फुलं ओली होती, कळूनही मी पहाटेच तोडत होते. सगळी जाळी गोणपाटावर पालथी केली, फुलं उन्हात पसरली आणि लहानूला सांगितलं, थांबावं लागेल. तो हो म्हणाला.

संक्रांतीला येशील तेव्हा गोणपाट मोठं घेऊन ये, हे पुरत नाय.
तुझी आई,
झुंबर