कुत्र्याच्या घमेल्यात ताक

खापर, मंगळवार, ८ मे १९३४

पंधरा दिवस झाले, घरात विरजण लागलेलं नाही. बदली झालेल्या साहेबाचा वासराएवढा कुत्रा यांनी हौसेनं ठेवून घेतला आणि यांच्या चहापुरतं सोडून म्हशीचं सगळं दूध त्याच्या घमेल्यात जाऊ लागलं. मटण वेगळंच. हे ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात, "विलायती जात आहे!" जणू स्वतःच विलायतेत जन्मले.

आमचा गोठा झाडणारी कासाबाई आज पुन्हा गाडगं घेऊन ताकाला आली. या दारातून ताकाला कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही. तिची पोरं त्यातच भाकरी कुस्करून खातात. पण आज मी नाही म्हटलं. तिनं घमेल्यात तोंड घातलेल्या कुत्र्याकडे बोट केलं. "बाई, मंग उद्यापासून गोठा बी हाऊच झाडी!"

हे खो खो हसले. "लोटाभर ताकासाठी रुसली!" जन्मात कधी केरसुणी धरली नाही या माणसानं. आणि मी? मीही हसले. का हसले?

संध्याकाळी धार काढल्यावर आधी विरजण लावलं. कुत्रा रिकाम्या घमेल्याशी उभा. त्या मुक्या जिवाचा काय दोष? हे ओरडले, "याचं दूध कुठंय?"

म्हटलं, "तुमच्या चहातलं द्या."