वाइल्डकॅट सोडीपर्यंत

जळगाव, १ ऑगस्ट १९६८
॥ श्री महावीराय नमः ॥

चि. निर्मल यास अक्काचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तू जिजाजींना पाठवलेलं पत्र मी वाचलं. दुकानचं टपाल मीच फोडते हे तुला ठाऊक आहे, तेव्हा रुसू नकोस. पितळी सळई मागवलीस ते ठीक. तुझ्या लेथवर काय फिरतं त्यात मी पडत नाही. पण पुढं लिहिलंस की यंदा वाइल्डकॅटचाच ध्यास घेतलाय, सहाशे यार्डांवरून जमवून दाखवीन. मॅट्रिक होऊन पंधरा वर्षं झाली, म्हणून खात्रीसाठी डिक्शनरी काढली. रानमांजर. दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा रानमांजरच.

तू धुळ्याच्या रायफल क्लबात जायला लागलास तेव्हा आई रडत होती. पोर कापडावर नेम धरतो, त्यात कुणाचा जीव जात नाही, असं सांगून मी तुझी बाजू घेतली होती. आपण पाणी गाळून पिणारी माणसं. त्या मांजरानं तुझं कोणतं दूध सांडलं रे?

काल स्थानकात साध्वी महासतीजींपुढं पच्चक्खाण घेतलं, नियमच केला. आजूबाजूला बायका बसलेल्या, भाऊ मांजर मारायला निघालाय म्हणायला जीभ रेटेना. म्हणून तुझाच इंग्रजी शब्द वापरला: भाऊ वाइल्डकॅट सोडीपर्यंत मला दूध-तूप बंद. विषमज्वरातून उठून महिनाच झालाय, डॉक्टर ओरडतील. ओरडू देत.

राखी सोबत आहे. राग वेगळा, राखी वेगळी.

लोभ आहेच, तो तूच सांभाळ.
तुझी अक्का लाडकुंवर

धुळे, ५ ऑगस्ट १९६८

ती. सौ. अक्कास निर्मलकुमारचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी घाबरलो, मग चंद्रकांतेला वाचून दाखवलं, तर ती पोळी तव्यावर विसरून हसत बसली. अक्का, वाइल्डकॅट म्हणजे मांजर नाही. जे काडतूस कुठलाही कारखाना काढत नाही, नेमबाजानं आपल्या डोक्यानं आखलेलं असतं, त्याला ही मंडळी वाइल्डकॅट म्हणतात. का म्हणतात ते मलाही सांगता येणार नाही. आमचे क्लबातले सुभेदार भिकनआबा तर म्हणाले, तुनी बहीणले सांग, ते मांजर नही शे, काडतूस शे.

तुला समजेल असं सांगतो. तांब्यातलं पाणी भदकन पडतं, पण झारीची तोटी अरुंद असली की धार लांब जाते. तसंच काहीसं. रिकाम्या पुंगळीची मान आवळून त्यात बारीक, निमुळती गोळी बसवायची. ती वारा कमी खाते. आपल्या नेहमीच्या काडतुसाची गोळी सहाशे यार्डांवर पोचेपर्यंत थकते. बाहेरचा माल लढाईपासून येत नाही, मग आपणच का आखू नये? सध्या सगळं कागदावर आहे. सळई नुसता भरीव नमुना कातायला हवी आहे. कलेक्टर कचेरीत परवानगीचा अर्ज दिलाय, ती आल्याखेरीज पुढं काही नाही. आणि नेम कापडावरच्या काळ्या ठिपक्यावर.

राखी बांधीन. तू आजच दूध घे. डॉक्टरांचं ऐक.

तुझा लाडका (अजून असेन तर),
निर्मल

जळगाव, ९ ऑगस्ट १९६८

चि. निर्मल यास अनेक आशीर्वाद.

वाचून माळ घेऊन बसले आणि इतकं हायसं वाटलं की नवकार मध्येच विसरले. जिजाजी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगताहेत. कालपासून मला माऊ म्हणतात.

पण एक अडलंय. मी पच्चक्खाणात मांजर म्हटलंच नाही. वाइल्डकॅट म्हटलं. आणि वाइल्डकॅट तर तू अजून सोडलेलं नाहीस. शब्द दिला तो दिला, सोयीनं त्याचा अर्थ बदलला तर नियम कसला? महासतीजींना विचारावं, तर कालपासून त्यांचं आठ दिवसांचं मौन आहे. तोवर ज्वारीची भाकरी आणि वरण चालू आहे. जिन्यावर थोडी चक्कर येते, बाकी ठीक. चातुर्मासात तेवढं चालायचंच.

दुसरं, कुणी न केलेली वस्तू पहिल्यांदा उडवताना तोंड कुणाचं जवळ असणार, ते तू लिहिलं नाहीस. ते लिही.

तुझी अक्का

धुळे, १३ ऑगस्ट १९६८

ती. अक्कास सा. न.

चकरेचं वाचून राहवलं नाही. तुझ्यापुढं काडतुसाची काय किंमत? नकाशा फाडून बंबात घातला. वाइल्डकॅट सोडलं. मला काही वाटत नाही, नाहीतरी वेळच जात होता. आता शब्द पाळला गेला, तेव्हा पत्र वाचून खाली ठेवायच्या आत दूध पी.

निर्मल

जळगाव, १६ ऑगस्ट १९६८

चि. निर्मल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र एक दिवस उशिरा पोचलं बघ. काल सकाळीच महासतीजींचं मौन सुटलं. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, नियम जिवासाठी घेतलास, शब्दासाठी नाही. जीव मुळात जाणारच नव्हता, तेव्हा नियम घेतला त्याच दिवशी पुरा झाला. न विचारता भावावर रागावलीस त्याची एक माळ जास्तीची कर, आणि यापुढं पच्चक्खाण समजेल त्या भाषेत घे. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. काल दुपारी पेलाभर दूध आणि तुपातली खिचडी घेतली. तुझं पत्र आज आलं.

म्हणून लिहिते, नकाशा पुन्हा काढ. एकदा डोक्यातून कागदावर उतरलेलं दुसऱ्यांदा लवकर उतरतं. अट एकच. परवानगी आली तरी पहिला बार रायफल खुंट्याला आवळून, भिंतीआडून दोरी ओढून. भिकनआबांना माझा निरोप सांग, आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दात कळव.

तुझी अक्का

धुळे, २९ ऑगस्ट १९६८

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

काल संवत्सरी झाली. वर्षभरात मन, वचन, कायेनं तुला दुखवलं असेल त्याची हात जोडून क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्. हे सगळ्यांसाठी असतं तसं.

एक वेगळं आहे. नकाशा मी फाडलाच नव्हता. बंबापर्यंत गेलो, हात चालेना. तू दूध घ्यावंस म्हणून खोटं लिहिलं, आणि तू खऱ्यासाठी उपाशी राहत होतीस. माझ्या खोट्यावर तू नियम सोडला असतास तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती. महासतीजींनी आदल्या दिवशीच सोडवलं, हे वाचून मोठी धोंड उतरली. दोरीची अट कबूल. आबा म्हणतात, बहीण हुशार शे, तिलेच क्लबमा धाड.

क्षमा केलीस की नाही, तेवढं एका ओळीत कळव.

निर्मल

जळगाव, १ सप्टेंबर १९६८

चि. निर्मल यास अनेक आशीर्वाद.

क्षमा केली. तूही मला कर, मिच्छामि दुक्कडम्, कारण माझ्याकडूनही एक राहिलंय. तू नकाशा फाडला नाहीस, हे मला तुझं तेव्हाचं पत्र वाचतानाच कळलं होतं. पतंग फाटला तर तीन दिवस जेवायचा नाहीस, तो तू फाडलेल्या नकाशावर "मला काही वाटत नाही" असं लिहिशील? तरी "पुन्हा काढ" असंच लिहिलं. म्हटलं, पोराला तो नकाशा लपवून ठेवावा लागायला नको.

चंद्रकांतेला आशीर्वाद. असाच लोभ राहू दे, आणि डोळे जप.

तुझी अक्का