आधी मालक वाचा

बाई, महापालिकेची निवडणूक झाली आणि आपली ती पडली. आपली म्हणजे तुमच्या वर्गात माझ्या शेजारी बसायची ती, दोन वेण्यांपैकी एक कायम सुटलेली. "प्रश्न विचारायचा असेल तर उभं राहून विचार," असं तुम्ही तिला रोज सांगायचात. पन्नाशी उलटल्यावर तिने ते फारच मनावर घेतलं आणि थेट निवडणुकीलाच उभी राहिली. तुम्ही वारलात तेव्हा पनवेलला नगरपालिका होती. आता महापालिका आहे, प्रभाग आहेत, आणि एका प्रभागातून चार-चार नगरसेवक निवडायचे असतात. घरी काही बोलायला गेलं की नवरा म्हणतो, "झालं ना आता, सोड." मला सोडवत नाही. मला या सगळ्याची शिसारी आली आहे आणि ती सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही.

तुम्ही आम्हाला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचात. मान सगळा इतिहासाला, नागरिकशास्त्राच्या वाट्याला वीस मार्क. आम्ही ते खुशाल ऑप्शनला टाकायचो. तुम्हाला राग यायचा, पण तुमचा आवाज कधी चढायचा नाही. "इतिहासातले लोक मेलेत, ते तुमचं काही वाकडं करणार नाहीत," तुम्ही म्हणायचात, "नागरिकशास्त्रातले करतील." आम्ही हसायचो. तासाच्या सुरुवातीला कुणीतरी एकीने पेपरातली बातमी वाचून दाखवायची, हा तुमचा नेम होता. माझी पाळी आली त्या दिवशी मी एका कारखान्याची बातमी निवडली होती. खाडीचं पाणी स्वच्छ आहे, मासे मरतात ते दुसऱ्याच कशाने, असं काहीतरी. मी छान चढउतार करून वाचली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "पेपर उलटा कर. शेवटच्या पानाचा तळ वाच."

तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते हेच मला ठाऊक नव्हतं. हे पत्र मालक अमुक यांच्यासाठी तमुक यांनी अमक्या छापखान्यात छापून तिथेच प्रसिद्ध केले. मी अडखळत वाचते आहे, वर्गात चुळबुळ चालली आहे, आणि मालकाचं आडनाव तोंडातून बाहेर पडल्यावर ती एकदम थांबते. कारखान्याच्या मालकाचं आडनावही तेच होतं. "आता बातमी पुन्हा वाच," तुम्ही म्हणालात. शब्द तेच, पण या वेळी मला चढउतार जमेनात, आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. "घडाघडा बोलायला पोपटालाही येतं," तुम्ही म्हणालात. "आधी मालक वाचायचा, मग बातमी." मी घरी जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही मला तुमच्या घरी नेलंत. तुमच्याकडे कसलासा नवस फेडला होता आणि मलिदा केला होता. भिजवलेल्या पोह्यांत तुम्ही ओलं खोबरं कालवत होतात. तो वाटीभर माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, "बातमी खोटीच असते असं नाही गं. ती कुणाच्या घरून निघाली तेवढं बघून ठेवायचं." तुमच्या बहिणी तेव्हा इतर ज्यू घरांसारख्या एकेक करून इस्रायलला चालल्या होत्या. तुम्ही का जात नाही असं मी आगाऊपणे विचारलं, तर म्हणालात, "माझं नाव इथल्या मतदार यादीत आहे." तेव्हा मला ते कारण फारच किरकोळ वाटलं होतं.

आता तिच्याकडे येते. आम्ही दोघी नवीन पनवेलला, एकाच सेक्टरमध्ये राहतो. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, आणि येतं म्हणजे धाप लागल्यासारखं येतं. पलीकडे कोन गावाच्या बाजूला टॉवर उभे राहतायत, त्यांच्या जाहिरातीत मात्र पोहण्याचा तलाव आहे. तिने एवढंच विचारलं की आम्हाला प्यायला नाही तर त्यांना पोहायला कुठून? पालिकेत विचारलं, वॉर्ड ऑफिसात विचारलं, माहितीच्या अधिकारात विचारलं. दोन उन्हाळे ती हेच करत होती. हंडे घेऊन मोर्चा काढला तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या बायका पार पुढच्या रांगेत होत्या, कारण फोटो निघणार होते. मग निवडणूक लागली आणि ती अपक्ष उभी राहिली. चिन्ह मिळालं बादली. पाण्यासाठी भांडणाऱ्या बाईला बादली, यावर आम्ही दोघी तिच्या जिन्यात बसून पोट दुखेपर्यंत हसलो. ती निवडून येईल असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

आपण वर्गात वाचायचो तो पेपर अजून निघतो. नाव तेच, मथळ्याचं वळणही तेच, त्यामुळे लोकांचा विश्वासही तोच. फक्त तो चार-पाच वर्षांपूर्वी विकला गेला. मी तुमची शिष्या, तेव्हा सवयीने तळ वाचला. जुन्या मालकांच्या जागी कुठलीतरी मीडिया प्रायव्हेट लिमिटेड आली होती आणि तिचा पत्ता मला ओळखीचा वाटला. त्या टॉवरच्या जाहिरातीत फ्लॅट बुकिंगसाठी जिथे बोलावतात, तो. तीच इमारत, तोच मजला. केबलवरचं लोकल चॅनल त्यांचंच, फोनवर सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या बातम्याही त्यांच्याच. बाई, मला सर्वांत घाण वाटतं ते हे, की यात लपवलेलं काहीच नाही. रोज पहाटे सगळं छापून दारात टाकतात. वर आणखी एक ओळ असते, अंकातील मजकुराशी मालक सहमत असतीलच असे नाही. एवढा निर्लज्जपणा करायलाही कसब लागतं.

तिने अर्ज भरला आणि थोड्याच दिवसांत पहिल्या पानावर मथळा आला, 'पाणी आंदोलनाआडून कुणाचे खिसे भरतायत?' शेवटी प्रश्नचिन्ह. ते असलं की झालं, आपण काही म्हटलंच नाही, नुसतं विचारलं. आत तिचं नाव नव्हतं. 'आंदोलनातील एक महिला', तिची टँकरवाल्यांशी ऊठबस असल्याची 'परिसरात चर्चा' आहे, असं होतं. चर्चा कुठे होती? तो पेपर येईपर्यंत कुठेच नव्हती. संध्याकाळी मात्र भाजीच्या गाडीपासून देवळाच्या पायरीपर्यंत खरोखरच होती. ती खुलासा घेऊन त्यांच्या ऑफिसात गेली. तिथल्या माणसाने तो कागद हातात न घेताच सांगितलं, "मॅडम, असलं छापायचं असेल तर जाहिरात डिपार्टमेंटला भेटा. रेट ते सांगतील." हे मला सांगताना ती हसत होती.

ती बातमी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली चेअरमननी. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. जन्मभर लोकांचे अर्ज एकेका सहीसाठी परत पाठवले. मी खाली लिहिलं की कृपया शेवटच्या पानाचा तळ वाचा, पेपर कुणाचा आहे ते बघा आणि टॉवर कुणाचे आहेत तेही बघा. त्यावर दोन अंगठे आले, एक गुलाबाचं फूल आलं, आणि मग चेअरमनांचा मेसेज आला, "सर्वांना नम्र विनंती, ग्रुपवर राजकारण नको." माझं लिहिलेलं काढून टाकलं. बातमी राहिली, कारण ती बातमी होती.

याच्यापुढचं ऐकून तुम्ही खडूच फेकून मारला असता. मतदानाच्या दोन दिवस आधी त्याच पेपरात मोठ्ठं चित्र आलं, 'मतदान कसे कराल?' चार जागा, चार रंगांच्या मतपत्रिका, चार बटणं. चारही बटणं दाबल्याशिवाय मशीनची शिटी वाजत नाही, मतदान पूर्ण होत नाही, हे खरंच आहे. पण चित्रात चारही बोटं एकाच चिन्हावर ठेवलेली दाखवली होती. कुठलं चिन्ह ते सांगायला नको, मालकांची मर्जी होती तेच. कुठेही असं लिहिलं नव्हतं की चारही एकाच चिन्हावर दाबलीच पाहिजेत. लिहायची गरजच नव्हती. प्रत्येक जागेसाठी वेगळ्या चिन्हाला मत देता येतं, कुणीच नको असेल तर तसंही बटण असतं, हे तुमच्या वीस मार्कांतलं. आणि ते तर सगळ्यांनी ऑप्शनला टाकलेलं.

मतदानाच्या दिवशी दुपारी चेअरमन लिफ्टपाशी भेटले. बोटावर शाई, चेहऱ्यावर कर्तव्य बजावल्याचं तेज. म्हणाले, "वहिनी, तुमच्या मैत्रिणीलाच द्यायचं मनात होतं हो. बाई कामाची आहे, कोण नाही म्हणतंय? पण ती एकटीच उभी. तिला एक आणि बाकीची तीन दुसऱ्या चिन्हाला दिली तर मशीन बाद करतं ना. चारही सेम लागतात."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"पेपरात फोटोसकट होतं की. उगाच व्होट वेस्ट कशाला करायचं?"

मी त्यांना तिथेच उभं राहून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "असेल, असेल. पण रिस्क कोण घेणार?" आणि लिफ्टमध्ये शिरले. संध्याकाळी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना विचारलं. त्या कोनच्या, पण मत आमच्याच प्रभागात आहे, लेकीकडे राहतात म्हणून. त्या म्हणाल्या, "तुमच्या बादलीवालीला देनार व्हते मी. पन पोऱ्यानी मोबाईलवर दाखवला, चारी एकावच दाबाचं. नायतर मत फुकट जातंय. मना काय म्हाईत नाय बाय." निदान त्यांनी माहीत नाही असं म्हटलं तरी. बाकी सगळी बिल्डिंग, सोफ्यावर बसून अर्थसंकल्पावर बोलणारी, परदेशातल्या निवडणुकांचे अंदाज सांगणारी, स्वतःच्या हातातली चार बटणं कशी चालतात हे यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण आंधळ्याला निदान दिसत नसतं. यांना चष्म्याचा नंबर आहे, फोनवर अक्षर मोठं करता येतं, आणि तरी तळाची ओळ वाचवत नाही. बाई, मला त्या मालकाचा राग येतो, पण तो तर धंदा करतोय. किळस येते ती यांची, कारण सकाळी हेच लोक मला जिन्यात भेटतात, प्रसादाचा शिरा देतात, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. चांगली माणसं आहेत.

ती थोडक्यात पडली असती तर बरं वाटलं असतं, पण तसंही झालं नाही, सपाटून पडली. निवडून आलेले चारही जण उघड्या जीपमधून आमच्या सेक्टरमध्ये फिरून गेले आणि मोर्च्यातल्या पुढच्या रांगेतल्या बायकांनी त्यांना ओवाळलं. दुसऱ्या दिवशी पेपरात 'विकासाला कौल' असा मथळा होता. त्या दिवशी आमच्याकडे पाणी आलं नाही. ग्रुपवर चेअरमननी लिहिलं की यावर कुणीतरी आवाज उठवला पाहिजे.

मी तिला फोन करते. ती उचलत नाही, किंवा उचलते आणि भाजी गॅसवर आहे म्हणते. लोकांना वाटतं, हरल्यामुळे गप्प झाली आहे. मीही घरात तसंच सांगते. तसं नाही. हे पत्र टपालात पडणार नाही, कुणी वाचणार नाही, म्हणून तुम्हाला खरं काय ते सांगून टाकते.

तो प्रश्नचिन्हाचा मथळा आला त्याच दिवशी मी तिच्याकडे गेले होते, धीर द्यायला. पेपर वाचायच्या आधी मी तळ वाचला होता. मालक कोण, बातमी कुणाच्या घरून निघाली, का निघाली, सगळं मला पाठ होतं. स्वयंपाकघरात आम्ही बसलो होतो, त्या माणसाने रेट विचारायला कसं सांगितलं ते ती मला सांगत होती, आणि मी ऐकता ऐकता तिच्या मागे पाहिलं. तिथे नवा फ्रीज होता, दोन दारांचा, वरचा प्लॅस्टिकचा कागदही अजून काढलेला नव्हता. मी नुसतं पाहिलं, एखाददुसरा क्षण जास्त. ती बोलायची थांबली. मग चहाचा कप माझ्याकडे सरकवत शांतपणे म्हणाली, "लेकीने पाठवलाय गं. पावती दाखवू?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस." आणि विषय बदलला.

बाई, मला ती पावती बघायची होती.