सकाळी पाच थेंब, संध्याकाळी पाच

२१ जानेवारी

आज दार बडवलं नाही. माझ्या मनगटाला चावला नाही. तेल सुरू करून तीन दिवस झाले — आणि लामर्ट खिडकीशी बसून चक्क कालव्यातली बदकं मोजतोय!

बाटली इनेकानं आणली. इस्पितळातली नर्स, पोरगी गोड आहे. गांजाचं तेल. जिभेखाली सकाळी पाच थेंब, संध्याकाळी पाच. फ्रिजवर तक्ता चिकटवून गेली — थेंब दिले का, आरडाओरडा किती, झोप किती. "रूलीकाकू, हा अभ्यास आहे हं. निम्म्या लोकांच्या बाटलीत नुसतं साधं तेल असतं. कुणाला कुठलं, मलाही ठाऊक नाही." अगं, हातच्या काकणाला आरसा कशाला! चार वर्षांच्या अल्झायमरमध्ये असा शांत मी त्याला पाहिला नव्हता.

मारीटचा फोन. "आई, हे टिकलं ना, तर बाबा घरीच राहतील." लेक शहाणी, दुसरी बाजू बोलली नाही. आसेन शहरातल्या वृद्धाश्रमात नाव घातलंय त्याचं. तिथं गेला की संपलं.

२६ जानेवारी

झोपतो. जेवतो. वाटाण्याचं सूप दोन वाट्या! वर म्हणाला, "कॉफी फार छान झालीय हं, बाई." बावन्न वर्षं माझ्या कॉफीला गटाराचं पाणी म्हणणारा हा माणूस! पोटभर हसले.

भांडी विसळताना लक्षात आलं. पाच दिवसांत माझं नाव घेतलं नाही त्यानं. आधी दिवसभर एकच धोशा — "रूली कुठंय? रूलीला बोलवा!" मी समोर उभी राहून सांगायचे, अरे मीच रूली. तर अंगावर यायचा. "तू नव्हेस! ती येऊ दे, मग बघ तुझी कशी हजेरी घेते!" तेव्हा जीव नकोसा व्हायचा.

२ फेब्रुवारी

लामर्टला एकोणऐंशी पूर्ण. खुर्च्या गोल मांडल्या. केकचा एकेक तुकडा, दुसरा मागायची पद्धत नाही. आमच्याकडे वाढदिवसाला घरच्या सगळ्यांचंच अभिनंदन करतात, तसा येणारा प्रत्येक जण प्रत्येकाशी हात मिळवत फिरला — अभिनंदन लामर्ट, वडिलांबद्दल अभिनंदन मारीट, नवऱ्याबद्दल अभिनंदन रूली.

लामर्टलाही हुरूप आला. उठला, ओळीनं हात मिळवत निघाला. माझ्यापाशी आला. माझा हात दोन्ही हातांत धरला. "अभिनंदन हं! तुम्ही लामर्टच्या कोण लागता?"

सगळे हसले. मीही हसले. मग न्हाणीत गेले आणि नळ सोडून रडले.

५ फेब्रुवारी

थेंब दिले नाहीत. तक्त्यावर "दिले" लिहिलं.

७ फेब्रुवारी

"रूली!"

सकाळी साडेआठला, जिन्याखाली उभा राहून. "रूली! अगं कुठं उलथलीस!" माझ्या हातात साबणाचं पातेलं. तसंच धरून ऐकत राहिले.

मग बशी फोडली. मला ढकललं, दंड काळानिळा झालाय. शेवटी जिन्यावर बसून पोरासारखा रडला — "ती मला सोडून गेली." जवळ घेऊ दिलं नाही. घाबरलाय तो. मला दिसतंय. आणि लिहायला लाज वाटते, पण मी दिवसभर खूश होते.

९ फेब्रुवारी

इनेका आली होती. "दंडाला काय झालं, काकू?" कपाटाचं दार लागलं म्हटलं. चोराच्या मनात चांदणं! तिची नजर आपली तक्त्यावर. "थेंब वेळेवर, तरी एवढा ओरडतोय?" "हो ना," म्हटलं. किती सहज म्हटलं.

उद्या देईन.

१० फेब्रुवारी

नाही दिले.

१२ फेब्रुवारी

 जसं घडलं तसं लिहिते.

पहाटे थंडी पडली, कालव्यावर साय धरावी तेवढाच बर्फ. तीस वर्षं गावाचा बर्फ यानंच तपासला. भोक पाडून जाडी मोजायचा, आणि यानं झेंडा लावल्याशिवाय कुणाची स्केट घालायची छाती नव्हती. आज तोच माणूस नुसत्या मोज्यांवर बर्फावर उतरला. "रूली! रूली!" करत.

मी काठावरून ओरडले, "लामर्ट, मी इथं आहे!" वळून माझ्याकडे पाहिलं. "पुढं येऊ नका, बाई. बर्फ पातळ आहे. माझी बायको पलीकडे आहे." आणि कडाड्!

शेजारचा बेरेंड शिडी घेऊन धावला म्हणून वाचला. कमरेपर्यंत भिजलेला, ओठ निळे, तरी तोंडात माझंच नाव. बेरेंड म्हणाला, "किती जीव आहे गं त्याचा तुझ्यावर." धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

१३ फेब्रुवारी

सकाळी पाच. संध्याकाळी पाच.

इनेकाला फोन करून सगळं सांगितलं. ओरडली नाही. "खोडू नका, तारखेसमोर खरं लिहा," एवढंच म्हणाली. लिहिलं.

नाव जाईना का. माणूस राहू दे.

१७ फेब्रुवारी

आज एकदाच हाक मारली. तीही हळू.

३ मार्च

हाक नाही.

२४ एप्रिल

शांत आहे. झोपतो. मारीट खूश, आसेनचं नाव तूर्त मागे घेतलं. आज कॉफी पिताना मला विचारलं, "तुमचे यजमान काय करतात, बाई?"

गावाचा बर्फ मोजतात, म्हटलं.

"वा! जोखमीचं काम."

रोज दोनदा ती बाटली हातात घेते आणि मनातल्या मनात तिला शिव्या देते. माझं नाव गिळलंस, मेले! मग थेंब मोजते. एकही कमी नाही.

१८ मे

अभ्यास संपला. इनेका पत्र घेऊन आली. आमच्या बाटलीत पहिल्या दिवसापासून साधं तेल होतं.

"या आजारात चढउतार असतात, काकू. ओरडणं आपसूक सुरू होतं, आपसूक थांबतंही. खरं तेल हवं असेल तर डॉक्टर चिठ्ठी देतील."

कशाला, म्हटलं. शांतच आहे तो.

म्हणजे बाटलीनं काही नेलं नव्हतं. तो आपला आपणच मला विसरला. तीन महिने त्या बाटलीवर राग धरून होते, आता रागवायलाही घरात कुणी नाही.