जिन्यापाशी बसणारे बाबा

बाबा,

तुमच्या इमारतीची मागची भिंत मी फोडली. गवंड्याने पहिला घाव घातला तेव्हा वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग मात्र आहे तसाच आहे.

साखळी गावच्या बसस्टँडसमोर खाली दुकानं आणि वर डॉक्टर, अशी इमारत तुम्ही हौसेने बांधलीत. वर जायला एकच जिना, तुमच्या कापडाच्या दुकानाला लागून, रस्त्याकडे तोंड केलेला. पायथ्याशी सिमेंटचा सोपो, बसची वाट पाहणाऱ्यांना टेकता यावं म्हणून. त्यांच्यात तुम्ही बसायचात आणि चढणाऱ्या प्रत्येकीला मायेने विचारायचात, "तूं कोणाचें गो? कितें जालां?" कुणाची आणि काय झालंय, हे ऐकायला सोप्यावरचे सगळे थांबायचे. कंत्राटदार म्हणाला होता, मागून आणखी एक जिना काढूया. तुम्ही हसलात. "आजारी मनीस म्हणजे चोर न्हय. फुडल्यानच वचूंदी." समोरूनच जाऊ दे सगळ्यांना, हे तुम्ही पुढे पाहुण्यांनाही ऐकवायचात.

मुलांच्या डॉक्टरकडे कायम गर्दी. पोराच्या तापाची लाज कुणाला? दातांचा डॉक्टरही टिकला. बायकांची डॉक्टरीण मात्र आली आणि गेली, दुसरी आली, तीही जायला निघाली. कातडीच्या डॉक्टरने तर एक पावसाळाही काढला नाही. खोल्या रिकाम्या पडायच्या आणि तुम्ही म्हणायचात, "हातगूण ना तांकां."

हातगूण. त्या वर्षी आईला महिनोन् महिने रक्त जात होतं. आपल्याच इमारतीत डॉक्टरीण रिकामी बसलेली, आणि आई शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाते सांगून निघायची, तुमच्याच समोरून बस पकडायची. मी सोबत असायचे. तिथल्या डॉक्टरने विचारलं, इतके दिवस काय करत होता? आई पदराने तोंड पुसत राहिली. परतताना थोड्या मिरच्या घेतल्या, पिशवी रिकामी दिसू नये म्हणून. तुम्ही पिशवीत डोकावून म्हणालात, "इतल्याक म्हापशां गेल्लीं?" गर्भाशय काढायची वेळ आली तेव्हा तुम्हाला कळलं, आणि तुम्ही तिच्यावरच चिडलात: घरात डॉक्टर असताना! ती एवढंच म्हणाली, "सोप्यार तुमी आशिल्ले."

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा सोप्यावर होतात. हे मी विसरत नाही.

आताची डॉक्टरीण तरुण आहे. तिने मला स्पष्ट सांगितलं, वेगळी वाट नसेल तर मी जागा सोडते. म्हणून हे दार, आणि तुमच्या गोदामातून वर नेलेला लोखंडी जिना. आईला आणून दाखवला. तिने खालूनच पायऱ्या मोजल्या. "आतां? आतां म्हाका सोपणां चडपाक जायना." मग गवंड्याकडे वळून, "हाताक धरपाक कितें तरी घाल रे."

आज सकाळी मागच्या दाराने पहिली मुलगी आली. घाबरलेली, ओढणीचं टोक मुठीत. मी दाराशी खुर्ची टाकून बसले होते, उगाच, नवीन दाराच्या कौतुकाने. आणि माझ्या तोंडून, अगदी मायेने, निघून गेलं, "तूं कोणाचें गो?" ती थबकली. वाट चुकले म्हणाली आणि परत फिरली.

खुर्ची मी आत नेली. ती पुन्हा आली का, हे डॉक्टरणीला विचारावंसं दिवसभर वाटतंय. विचारलेलं नाही.